नियोजित निवासवसाहती, कॉटन ग्रीन परिसरातील

घरे, रस्ते, मोकळ्या जागा, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, शाळा व बाजार यांचा एकत्रित विचार करून एका आराखड्यानुसार वसविलेल्या निवासी क्षेत्रास नियोजित निवासवसाहत म्हणतात. गावठाणे व शहरांतील जुन्या पेठा गरजेप्रमाणे वाढत गेलेल्या असतात. नियोजित वसाहतीत मात्र जमिनीची मालकी, इमारतींची उंची, दोन इमारतींमधील अंतर आणि तेथे कोणत्या थरातील लोक राहावयाचे, हे वस्ती येण्यापूर्वीच ठरविले जाते. मुंबईत अशा वसाहतींचा इतिहास सु. सव्वाशे वर्षांचा आहे. तो सलगपणे पाहावयाचा झाल्यास शहराच्या पूर्व किनाऱ्यालगतचा कॉटन ग्रीन, काळाचौकी, शिवडी, नायगाव, परळ व दादर हा पट्टा विशेष उपयुक्त ठरतो. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, मुंबई सरकारचे विकास खाते, गृहनिर्माण मंडळ आणि पोर्ट ट्रस्ट या चार संस्थांनी येथील जमिनी वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हेतूंनी आखल्या. एकविसाव्या शतकात यांतील बहुतेक वसाहतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न एकाच वेळी पुढे आला असून त्यांच्या भवितव्याचा विचार त्यांच्या इतिहासावाचून करता येत नाही.

स्थान व नाव : ‘कॉटन ग्रीन’ म्हणजे कापसाचे पटांगण. हे नाव मूळचे या जागेचे नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या कोटातील सेंट टॉमस कॅथीड्रलसमोरील पटांगणात निर्यातीच्या कापसाच्या गासड्या रचल्या जात. शहराच्या मध्यभागी ही अडचण वाढू लागल्याने १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्यास हलविण्यात आला व नावही त्याच्याबरोबर तेथे गेले. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या प्रारंभी माझगाव व शिवडी यांच्या दरम्यान समुद्रात मोठी भरणी केली. या नव्या जमिनीवर कापसाची गोदामे व कापूस बाजाराची इमारत उभी राहून १९२० नंतरच्या दशकात कुलाब्याचा व्यापार येथे आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व कुर्ला यांच्या दरम्यान बंदरालगतच्या मार्गावर विजेवरील रेल्वे सुरू झाली आणि या मार्गावरील एका स्थानकास कॉटन ग्रीन हे नाव मिळाले. रेल्वेमार्गाच्या पूर्वेस बंदराची गोदामे व पश्चिमेस गिरण्या आणि कामगारवस्ती, अशी या भागाची रचना तेव्हापासून रूढ झाली.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट : १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि लोकांनी मोठ्या संख्येने शहर सोडले. कोंदट, अंधाऱ्या चाळी व अरुंद गल्ल्या हे साथीचे मूळ कारण मानले गेल्याने १८९८ च्या अधिनियमान्वये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना करण्यात आली. रोगट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, नवी जमीन निवासयोग्य करणे आणि विस्थापितांसाठी चाळी बांधणे, ही या संस्थेची मुख्य कामे होती. याच वर्षी इंग्लंडमध्ये एबनीझर हॉवर्ड यांचा उद्यान-नगरांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व १९०३ मध्ये लेचवर्थ येथे तशा नगराची उभारणी सुरू झाली. दोन्ही प्रयत्नांमागे दाट वस्तीविषयीची चिंता होती. तथापि हॉवर्ड यांच्या कल्पनेत नगराची जमीन नगराच्या समाईक मालकीची असावी व तिच्या वाढत्या मूल्याचा लाभ रहिवाशांनाच मिळावा, असे अभिप्रेत होते. मुंबईतील ट्रस्टने जमिनीचे वाढलेले मूल्य आपला खर्च भरून काढण्याचे साधन मानले.

या भेदाचा परिणाम ट्रस्टच्या कामावर स्पष्ट दिसतो. दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांत ट्रस्टने शेतजमिनी संपादन करून रुंद, वृक्षराजीयुक्त रस्ते काढले, भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले आणि इमारतींची उंची व त्यांच्याभोवतीची मोकळी जागा नियमांनी बांधून दिली. दादरची हिंदू कॉलनी व मंचेरजी एदलजी जोशी यांच्या पुढाकाराने वसलेली पारशी कॉलनी या त्यांतूनच निर्माण झाल्या. पाच बागांचा परिसर हे या आखणीचे आजही ठळकपणे दिसणारे वैशिष्ट्य होय. कामगारांसाठी ट्रस्टने आग्रीपाडा, नागपाडा, परळ इ. ठिकाणी एका खोलीच्या घरांच्या चाळी बांधल्या. प्रारंभीच्या काळात पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरे कमी पडल्याने विस्थापितांनी शेजारच्या वस्त्यांत गर्दी केली आणि ज्या दाटीविरुद्ध ही योजना होती, ती अन्यत्र वाढली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब परळ येथील ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहत होते. पुढे त्यांनी ग्रंथसंग्रहासह राहण्यासाठी बांधलेले ‘राजगृह’ दादरच्या हिंदू कॉलनीत आहे. एकाच संस्थेने आखलेल्या या दोन निवासस्थानांत खोल्यांच्या संख्येइतकाच मालकीच्या स्वरूपाचाही भेद होता. चाळीतील रहिवासी दरमहाचा भाडेकरू होता, तर कॉलनीतील भूखंडधारकाकडे दीर्घ मुदतीचा हक्क होता. त्या हक्कावर त्याला कर्ज काढता येई, इमारत वाढविता येई व ती पुढील पिढीस देता येई. वसाहतींचे पुढील भवितव्य या भेदावरच मोठ्या प्रमाणात ठरले. ट्रस्ट १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन करण्यात आला व त्याच्या चाळी पालिकेकडे आल्या.

विकास खाते व बी. डी. डी. चाळी : पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई तीव्र झाली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० मध्ये विकास खाते स्थापन झाले. कामगारांसाठी ६२५ चाळींत ५०,००० खोल्या बांधण्याची त्याची योजना होती. खर्चाच्या तरतुदीसाठी कर्जाबरोबरच मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला. कॉटन ग्रीनच्या गोदामांत येणारा कापूस व त्याच्या परिसरातील कामगारांचे घर यांचा असा थेट आर्थिक संबंध या योजनेने जोडला.

प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, डिलाइल रोड (सांप्रत ना. म. जोशी मार्ग) येथे ३२ व शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ चाळी बांधून झाल्या. प्रत्येक चाळ तळमजला व तीन मजल्यांची असून तीत ८० खोल्या होत्या. मजल्याच्या मध्यातून जाणारा व्हरांडा, त्याच्या दोन्ही बाजूंस सु. १६० चौ. फूट (सु. १५ चौ. मी.) क्षेत्राच्या दहा दहा खोल्या, खोलीत मोरी आणि मजल्यावर सामाईक शौचालये अशी त्यांची रचना होती. झपाट्याने व एकाच साच्यात बांधकाम व्हावे म्हणून सलोह काँक्रीटचा वापर करण्यात आला.

योजनेचा हिशेब लवकरच चुकला. बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला व त्यावर आधारलेले भाडे कामगारांना परवडेना. वरळीची वसाहत गिरण्यांपासून व बाजारापासून दूर असल्याने तेथील बहुसंख्य खोल्या दीर्घकाळ रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत तेथील काही चाळींचा तात्पुरत्या तुरुंगासाठी उपयोग करण्यात आला. याउलट गिरण्यांच्या जवळ असलेल्या नायगाव व डिलाइल रोड येथील चाळींना रहिवासी लवकर मिळाले. घर व काम यांतील अंतर, घराचे भाडे व कामगाराचे वेतन यांचा मेळ बसला नाही, तर टंचाईच्या काळातही घरे रिकामी राहतात, हा या योजनेचा महत्त्वाचा धडा होय. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक म्हणून आलेले पॅट्रिक गेडीस हे आराखड्यापूर्वी लोकांच्या राहणीचे सर्वेक्षण करावे, असे आग्रहाने मांडत. विकास खात्याच्या चाळींत मात्र खोल्यांची संख्या हेच यशाचे मुख्य माप मानले गेले.

समाजजीवन : आराखड्यात न योजलेल्या अनेक गोष्टी रहिवाशांनी या चाळींत निर्माण केल्या. कोकण व घाटावरून आलेले गिरणी कामगार बहुधा एकटे येत. एका गावच्या पुरुषांनी मिळून एक खोली घ्यावी, पाळीपाळीने तीत झोपावे व जवळच्या खानावळीत जेवावे, अशी पद्धत होती. कुटुंबे येऊ लागल्यावर व्हरांडा हा अंगण, अभ्यासिका व लग्नघर अशा अनेक कामी येऊ लागला. भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव, वाचनालये आणि कामगार संघटनांच्या शाखा यांनी चाळींचे जीवन घडविले. दाराशी उघडणारा सामाईक मार्ग आणि दोन चाळींमधील मोकळे पटांगण या दोन गोष्टींमुळे हे शक्य झाले. पुनर्विकासाच्या चर्चेत खोलीच्या क्षेत्रफळाचा हिशेब होतो. या सामाईक जागांचा हिशेब क्वचितच होतो.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमामुळे भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु गोठविलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडेना आणि भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्याचे खाजगी मालकांनी जवळजवळ थांबविले. ही उणीव भरून काढण्याचे काम १९४८ च्या अधिनियमान्वये निर्माण झालेल्या मुंबई गृहनिर्माण मंडळाकडे आले. कॉटन ग्रीन स्थानकाच्या पश्चिमेस काळाचौकी येथील अभ्युदय नगर ही या मंडळाने १९५० नंतरच्या काळात वसविलेली मोठी वसाहत होय. सु. ३३ एकर (सु. १३ हेक्टर) क्षेत्रावरील या वसाहतीत तीन हजारांहून अधिक सदनिका असून कमी उंचीच्या इमारती, अंतर्गत रस्ते व मोठे मैदान ही तिची वैशिष्ट्ये आहेत. येथे स्वतंत्र शौचालय व स्वयंपाकाची वेगळी जागा असलेले घर श्रमिकांना मिळू लागले. निरनिराळी गृहनिर्माण मंडळे एकत्र करून १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा) स्थापन झाले व या वसाहती त्याच्या अखत्यारीत आल्या.

या सुमारास नियोजनाचे लक्ष उपनगरांकडे व खाडीपलीकडे वळले. बेटावरील दाटी कमी करण्यासाठी मुख्य भूमीवर जुळे शहर वसवावे, अशी सूचना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईच्या उभारणीस प्रारंभ झाला. तेथे सर्व जमीन एका संस्थेने संपादन करावी, रोजगार व निवास जवळजवळ असावेत आणि भूखंडविक्रीतून सोयींचा खर्च भागवावा, अशी कल्पना होती. वसाहती झपाट्याने वाढल्या, परंतु कार्यालयीन रोजगार अपेक्षेप्रमाणे स्थलांतरित न झाल्याने अनेक वर्षे रहिवासी कामासाठी मुंबईतच येत राहिले. १९८९ मध्ये न्हावा शेवा येथील बंदर सुरू झाले आणि मुंबई बंदरातील मालाची वाहतूक मात्र तिकडे वळली. कॉटन ग्रीन व शिवडी भागातील गोदामांचे महत्त्व त्यामुळे घटले.

गिरण्यांच्या जमिनी : १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सु. अडीच लाख कामगार सहभागी झाले. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत व त्यांच्या जमिनी हाच मुख्य प्रश्न बनला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार जमिनीचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व उर्वरित भाग मालकासाठी असावा, असे ठरले होते. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातील मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली. साहजिकच शहराला व कामगारांना मिळणारे क्षेत्र फार कमी झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निर्णय दिला. तथापि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये दुरुस्ती वैध ठरविली.

म्हाडाच्या वाट्यास आलेल्या जमिनींवर गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी २२५ चौ. फूट (सु. २१ चौ. मी.) क्षेत्राची घरे बांधण्यात आली. २०१२ मध्ये ६,९२५ व २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत निघाली. अर्जदारांची संख्या मात्र दीड लाखांच्या आसपास होती. उरलेल्यांना शहराबाहेर घरे देण्याची कल्पना पुढे आली व २०२४ मध्ये वांगणी आणि शेलू येथील योजनेचा निर्णय झाला. कामगार संघटनांनी त्यास विरोध करून मुंबईतच घरांची मागणी केली. ज्या वसाहतीची जागा कामाच्या ठिकाणामुळे ठरली होती, ते काम नाहीसे झाल्यावर कामगाराचा त्या जागेवरील दावा कशावर आधारावा, हा या वादाचा गाभा आहे. कामगारांच्या मते तो शहराच्या उभारणीतील त्यांच्या वाट्यावर आधारलेला आहे. नियमावलीच्या दृष्टीने तो उपलब्ध भूखंडाच्या क्षेत्रफळावर अवलंबून राहतो.

पुनर्विकास : बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासासाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये म्हाडाची नियुक्ती केली. पात्र रहिवाशास ५०० चौ. फूट (सु. ४६ चौ. मी.) क्षेत्राचे घर मालकी हक्काने विनामूल्य द्यावयाचे व विक्रीसाठीच्या अतिरिक्त इमारतींतून खर्च भरून काढावयाचा, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळी येथील ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील घरांचा ताबा देण्यात आला. १६० चौ. फुटांच्या भाड्याच्या खोलीपासून ५०० चौ. फुटांच्या मालकीच्या घरापर्यंतचा हा बदल शंभर वर्षांतील सर्वांत मोठा होय. अभ्युदय नगराच्या पुनर्विकासासाठीही म्हाडाने २०२४ मध्ये निविदा मागविल्या.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. जीर्ण इमारतीतील धोका टळतो, प्रत्येक घरास शौचालय व पाणी मिळते आणि भाडेकरू मालक होतो. तथापि तिच्या काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली मर्यादा जमिनीच्या किमतीची. मोफत घरांचा खर्च विक्रीच्या घरांवर टाकला जात असल्याने जेथे जमीन महाग तेथेच पुनर्विकास आकर्षक ठरतो व खर्चाचा मेळ बसविण्यासाठी इमारतींची उंची व दाटी वाढवावी लागते. दुसरी मर्यादा आवर्ती खर्चाची. चार मजली चाळीत उद्वाहक नव्हता. चाळीस मजली इमारतीत उद्वाहक, पाण्याचे पंप व अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च दरमहा येतो. प्रारंभीच्या काही वर्षांची सवलत संपल्यानंतर तो भार न पेलणारी कुटुंबे घर विकून शहराबाहेर जाण्याचा संभव असतो. विकास खात्याच्या काळी भाडे परवडले नाही म्हणून खोल्या रिकाम्या राहिल्या. मालकीच्या घरांत हीच अडचण घरविक्रीच्या रूपाने येऊ शकते. तिसरी मर्यादा सामाईक जागांची. पटांगणाच्या जागी वाहनतळ व व्हरांड्याच्या जागी बंद मार्गिका आल्यास चाळीतील परस्पर-साहाय्याची व्यवस्था टिकणे कठीण होते. सभागृह, बालवाडी, अभ्यासिका व मैदान यांची तरतूद म्हणूनच केवळ सोय नसून ती वसाहतीच्या स्थैर्याची अट ठरते.

बंदराची जमीन व शिवडीच्या चाळी : कॉटन ग्रीनच्या भवितव्याचा मुख्य भाग बंदराच्या जमिनीशी निगडित आहे. या जमिनीच्या वापराविषयी २०१४ मध्ये राणी जाधव समितीने शिफारशी केल्या. २०१८ मध्ये राज्य शासनाने मुंबई पोर्ट ट्रस्टला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले व त्याच वर्षाच्या अखेरीस किनारपट्टीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. २०२१ च्या अधिनियमान्वये ट्रस्टचे रूपांतर बंदर प्राधिकरणात झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी व न्हावा शेवा यांना जोडणारा सु. २२ किमी. लांबीचा अटल सेतू खुला झाल्याने हा एकेकाळचा गोदामांचा भाग मुंबई व नवी मुंबई यांच्या मधला दुवा बनला. पुलाच्या पायथ्याशी रोहित पक्ष्यांचा वावर असलेली चिखलाची किनारपट्टी असून तिच्या संरक्षणाचा प्रश्नही नियोजनात अंतर्भूत होतो.

बेटावर एवढ्या विस्ताराची सार्वजनिक मालकीची जमीन अन्यत्र उरलेली नाही. तिचा उपयोग कार्यालये व महागडी घरे यांसाठी व्हावा, की उद्याने, सार्वजनिक वाहतूक व अल्प उत्पन्न गटांची भाड्याची घरे यांना त्यात निश्चित वाटा असावा, हा प्रश्न गिरण्यांच्या जमिनींच्या अनुभवानंतर विशेष महत्त्वाचा ठरतो. त्या वेळी जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या मालकांकडे होते व प्रत्येक गिरणीचा स्वतंत्र आराखडा झाला. परिणामी सलग रस्ते वा मोठे उद्यान निर्माण होऊ शकले नाही. बंदराच्या बाबतीत मालक एकच असल्याने ही अडचण नाही. मात्र जमीन केंद्र शासनाच्या अखत्यारीतील, शहराचे नियोजन राज्याकडे व नागरी सेवा महानगरपालिकेकडे, अशी विभागणी आहे.

या विभागणीचा परिणाम शिवडीच्या बारा बी. डी. डी. चाळींवर झालेला दिसतो. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील चाळी राज्याच्या जमिनीवर असल्याने त्या पुनर्विकास प्रकल्पात आल्या. शिवडीच्या चाळी त्याच खात्याने, त्याच नकाशाप्रमाणे व कापसाच्या गासडीवरील त्याच कराच्या आधाराने बांधल्या. परंतु त्या बंदराच्या जमिनीवर असल्याने प्रकल्पाबाहेर राहिल्या. २०२५ मध्ये वरळीच्या कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांचा ताबा मिळाला, तेव्हा कॉटन ग्रीनच्या शेजारील या कुटुंबांची घरे एकशेसाठ चौरस फुटांचीच होती. नियोजित वसाहतीचे भवितव्य तिच्या आराखड्याइतकेच तिच्याखालील जमिनीच्या मालकीवर अवलंबून असते, हे या बारा चाळींइतके स्पष्टपणे मुंबईत अन्यत्र क्वचितच दिसते.